एक डंबेल की जोडी? सेट कुठे अडतो ते बघून ठरवा

घरी डंबेल्सवर व्यायाम करणाऱ्यांची एकच तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी वेगवेगळ्या रूपात परत येते. कुणाचं वजन वाढायचं थांबतं, कुणाची उजवी बाजू पुढे जाते आणि डावी मागे राहते. कुणाला एका हातानं प्रेस मारताना, म्हणजे वजन वर ढकलताना, कंबरेत कळ येते. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, जोडी घे, एका डंबेलनं काही होत नाही. दुसरा म्हणतो, एकच भारी डंबेल घे, बाकी सगळं फुकट. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, म्हणून गोंधळ वाढतो.

साताऱ्यात तर तालमीची सवय घराघरात आहे. तालमीत मुद्गल एका हातानंही फिरतो आणि जोडीनंही फिरतो, दोन्हीचं काम वेगळं असतं. डंबेलचंही तसंच आहे. एक घ्यायचं की दोन, हे व्यायामाच्या नावावरून ठरत नाही. सेट, म्हणजे एका दमात मारलेली फेरी, संपताना शरीराचा कुठला भाग आधी हार मानतो, त्यावरून ठरतं.

म्हणून काही विकत घेण्याआधी एवढं करा. पुढच्या तीन-चार दिवसांच्या व्यायामात प्रत्येक सेट का थांबला ते वहीत एका शब्दात लिहा. पकड, कंबर, श्वास, मनगट, तोल, मांडी, छाती, खांदा, जे असेल ते. स्क्वॉटपुढे (वजन घेऊन उठबशी) ‘मांडी’ लिहिलं असेल तर व्यायाम नीट चाललाय. स्क्वॉटपुढे ‘हात’ किंवा ‘मनगट’ आलं, रोइंगपुढे (वाकून वजन वर ओढणं) ‘कंबर’ आलं, प्रेसपुढे ‘तोल’ आलं, तर ज्या स्नायूसाठी घाम गाळताय त्याला पुरेसं काम मिळतच नाहीये. तिथे डंबेलची संख्या बदलून बघायची.

आधी वजनकाटा

डावा हात कमजोर आहे असं वाटत असेल तर सगळ्यात आधी डंबेलवरच संशय घ्या. घरच्या डंबेलमध्ये रॉडवर प्लेट्स चढवून नटांनी आवळलेल्या असतात. पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) प्लेटमध्ये आत भराव असतो आणि स्वस्तातल्या डंबेल-सेटमध्ये तो प्रत्येक प्लेटमध्ये सारखा भरेलच असं नाही. वर ३ किलो छापलेलं असतं, आत थोडं कमी किंवा जास्त निघू शकतं. एका डंबेलवर नेमक्या दोन्ही जड प्लेट्स चढल्या की तो हात रोज जास्त वजन उचलतो आणि आपण त्याला कमजोर ठरवतो.

गल्लीतल्या किराणा दुकानात किंवा भंगारवाल्याकडे डिजिटल काटा असतो. सगळ्या प्लेट्स आणि दोन्ही रॉड नटांसकट तोलून आणा आणि खरं वजन मार्करनं प्लेटवरच लिहा. रॉडचं वजन बहुतेक जण धरतच नाहीत. १४ इंची लोखंडी रॉड नटांसह साधारण दीड किलोच्या आसपास भरतो, पण तुमचा किती भरतो ते काट्यावरच बघा. पुढच्या हिशेबात आम्ही दीड किलो धरलंय.

काटा मिळाला नाही तर सोपी चाचणी आहे. पहिल्या सेटनंतर डंबेल्सची अदलाबदल करा. कमजोरी हाताबरोबर राहिली तर हात कमजोर आहे. कमजोरी डंबेलबरोबर दुसऱ्या हातात गेली तर प्लेट्स बदला, व्यायाम बदलू नका.

वजन अडलंय: प्लेटांचं गणित

घरचा नेहमीचा २० किलोचा डंबेल-सेट घेऊ. चार प्लेट्स २ किलोच्या, चार ३ किलोच्या आणि दोन रॉड. जोडी करायची तर प्रत्येक रॉडवर दोन्ही बाजूंना एक २ ची आणि एक ३ ची प्लेट बसते, म्हणजे एक डंबेल ११.५ किलोचं. खालच्या पायऱ्या बघा: रिकामा रॉड १.५, मग ५.५, मग ७.५ आणि मग एकदम ११.५. साडेसातवरून साडेअकरा ही उडी निम्म्याहून जास्त आहे. साडेसात किलोनं १२ रॅप्स (सलग १२ वेळा उचल) सहज मारणारा माणूस साडेअकरानं तीनच मारतो, निराश होतो, परत साडेसातवर येतो आणि तिथेच महिने काढतो. ‘माझं वजन वाढतच नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं ताकदीत नसतं, ते प्लेटांच्या या खड्ड्यात असतं.

उपाय स्वस्त आहे. १ किलोच्या चार प्लेट्स आणा. आता प्रत्येक बाजूला १, २, ३ अशा तीन प्लेट्स आहेत आणि जोडीच्या पायऱ्या ३.५, ५.५, ७.५, ९.५, ११.५, १३.५ अशा होतात. दोन-दोन किलोंची समान पायरी. अर्ध्या किलोच्या चार मिळाल्या तर पायरी एक किलोवर येते, आणि खांद्याच्या व्यायामांना तीच लागते. साइड रेझसाठी (हात बाजूंना खांद्यापर्यंत उचलणं) दोन किलोची उडी फार मोठी आहे.

षटकोनी रबरी डंबेल्स घेणाऱ्यांचा खड्डा वेगळा. ते बहुधा अडीच किलोंच्या टप्प्यांनी मिळतात. १० वरून १२.५ म्हणजे २५ टक्के वाढ, ती जमते. ५ वरून ७.५ म्हणजे ५० टक्के, ती नवशिक्याला जमत नाही. अशा वेळी खालच्याच वजनानं १५ रॅप्सपर्यंत जा, खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या, आणि मग वरच्या वजनाला ६ रॅप्सपासून सुरुवात करा. दोन डंबेल्स घेतली की ही उडी दोन्ही हातांना एकाच वेळी मारावी लागते, हेही लक्षात असू द्या. एका हाताचा व्यायाम असेल तर शेवटचे दोन रॅप्स मोकळ्या हातानं हलका आधार देऊन पुरे करता येतात.

आता मुख्य मुद्दा. त्याच २० किलोच्या प्लेट्स एकाच रॉडवर चढवल्या तर डंबेल २१.५ किलोचं होतं. जोडीचं एकूण वजन २३. म्हणजे दोन्ही पायांवर स्क्वॉट मारताना जोडीनं फक्त रॉडभर वजन वाढतं. पण एका हाताच्या रोइंगमध्ये त्या हाताला ११.५ ऐवजी २१.५ किलो मिळतात. ज्याच्याकडे प्लेट्स मोजक्याच आहेत, त्यानं जड डंबेल एकच बांधावं आणि हात किंवा पाय एकेक करून घ्यावा. जिममध्ये रॅकभर डंबेल्स असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून जिमचा तक्ता घरी जसाच्या तसा चालत नाही.

एक अडचण मात्र येते. पीव्हीसीच्या प्लेट्स जाड असतात. १४ इंचाच्या रॉडवर मूठ आणि नट सोडून प्रत्येक बाजूला जागा थोडीच उरते, आणि २-२-३-३ अशा चार प्लेट्स बहुधा बसत नाहीत. आधी पट्टीनं मोजा. नट पूर्ण आट्यांवर बसला पाहिजे, अर्ध्या आट्यांवर लटकलेला नट चालणार नाही. जागा कमी पडत असेल तर जड प्लेट्स तेवढ्या ओतीव लोखंडाच्या घ्या. त्या तेवढ्याच वजनाला निम्म्याच्या आसपास जाडीत बसतात. भंगारात जुन्या जिमच्या लोखंडी प्लेट्स वजनावर मिळतात, त्या घासून रंगवल्या की वर्षानुवर्षं चालतात. फक्त प्लेटचं भोक आणि रॉडची जाडी जुळते का ते दुकानातच रॉडवर घालून बघा. भोक मोठं असेल तर प्लेट हलते, आणि हलणारी प्लेट नट सैल करते.

रोइंग: इथे एकच

दोन्ही हातांत डंबेल्स घेऊन वाकून रोइंग केलं की पाठीच्या वरच्या भागाआधी कंबर थकते. कारण सरळ आहे. संपूर्ण धड आणि दोन्ही डंबेल्स सेटभर कंबरेनंच आडवी तोलून धरायची असतात. वहीत ‘कंबर’ येणार ती इथेच.

एक डंबेल घ्या. मोकळा हात खुर्चीच्या बैठकीवर किंवा पलंगाच्या कडेवर टेका, त्याच बाजूचा पाय पुढे, दुसरा मागे. खुर्ची प्लास्टिकची असेल तर भिंतीला लावून ठेवा, नाहीतर ती सरकते. डंबेल सरळ वर काखेत न ओढता कोपर मागे खिशाच्या दिशेनं न्या. वर एक सेकंद थांबा, खाली दोन सेकंदांत सोडा. कंबरेचा भार हातानं उचलला की ११.५ किलोच्या जोडीवर अडणारा माणूस १५-१७ किलोंचं रोइंग लवकरच करू लागतो.

इथे पुढचा अडथळा पकडीचा. घामानं मूठ सुटत असेल तर हात कोरडे करून खडू लावा. क्रोमचा गुळगुळीत रॉड असेल तर त्यावर सायकलच्या हँडलची कापडी पट्टी गुंडाळा. तरीही मूठच आधी सुटत असेल तर शेवटी, सगळा व्यायाम झाल्यावर, दोन्ही हातांत डंबेल्स लटकावून ३० ते ४० सेकंद उभं राहायचं, तीन वेळा. पकडीसाठी जोडी छान, कारण दोन्ही मुठी एकदम पिकतात आणि वेळ निम्मा लागतो.

स्क्वॉट आणि पाय

सुरुवातीला एकच डंबेल, छातीशी उभं धरून. गॉब्लेट स्क्वॉट. वजन पुढे असल्यामुळे धड आपोआप सरळ राहतं, टाचा उचलल्या जात नाहीत आणि नवशिक्याची चूक कमी होते. कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला जातील इतकं खाली बसायचं.

पण प्लेटवाल्या डंबेलचा एक धोका इथेच आहे आणि तो फार कमी जण बघतात. डंबेल उभं धरलं की तळवे वरच्या प्लेटखाली असतात. म्हणजे रॉड आणि खालच्या सगळ्या प्लेट्स वरच्या एकाच नटाला लटकलेल्या असतात. तो सैल असेल तर प्लेट हातात राहते आणि बाकीचं डंबेल थेट पायावर. डोक्यामागे धरून ट्रायसेप्स (दंडाची मागची बाजू) मारताना किंवा उताणं झोपून पुलओव्हर (वजन डोक्यामागून छातीवर आणणं) करताना तेच वजन डोक्यावर किंवा चेहऱ्यावर असतं. या तिन्ही व्यायामांत स्प्रिंगचं क्लिप वापरायचंच नाही. आट्यांचा नट, आत रबरी वायसर, आणि प्रत्येक सेटआधी वरचा नट हातानं पिळून बघायचा. वायसर झिजून गुळगुळीत झाला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा इंच रुंद कडी कापून प्लेट आणि नटाच्या मध्ये घाला. नट चांगला आवळून बसतो.

साधारण १८-२० किलोंच्या पुढे गॉब्लेटमध्ये मांड्यांआधी दंड आणि पाठीचा वरचा भाग थकायला लागतो. पीव्हीसीच्या रुंद प्लेट्स असतील तर मनगटं मागे दुमडतात आणि त्याआधीच दुखतात. आता इथे दोन वाटा. जोडी घेऊन दोन्ही खांद्यांवर एकेक ठेवा किंवा हात खाली सोडून बाजूला धरा. पण वर पाहिलं तसं त्याच प्लेट्समधून एकूण वजन फारसं वाढत नाही. दुसरी वाट आम्हाला जास्त पटते: वजन तेच ठेवा आणि पाय एक करा. मागचा पाय पायरीवर किंवा कमी उंचीच्या स्टुलावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट मारला की तेच २० किलो एका मांडीला दोन्ही पायांच्या स्क्वॉटपेक्षा कितीतरी जड पडतात. तोल जात असेल तर एकच डंबेल घ्या आणि दुसऱ्या हातानं भिंत किंवा दाराची चौकट धरा. तोलाची परीक्षा नकोय, मांडीला काम हवंय. तोल सांभाळता यायला लागला आणि एका हाताची पकड कमी पडायला लागली की जोडीवर या.

मांडीच्या मागच्या भागासाठी रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे पाठ सरळ ठेवून नितंबांतून पुढे वाकायचं आणि परत उभं राहायचं. दोन्ही पायांवर करणार असाल तर जोडी बरी, कारण डंबेल्स मांड्यांना घासत खाली जातात आणि भार कंबरेपासून दूर जात नाही. एकच डंबेल दोन्ही हातांनी मध्ये धरलं तर ते पुढे झुलतं. वजन कमी पडायला लागलं की एका पायावर या: उभा पाय गुडघ्यात किंचित वाकवलेला, डंबेल त्याच्या विरुद्ध हातात, मोकळा हात भिंतीला. फारच डुगडुगत असेल तर मागच्या पायाची बोटं नुसती जमिनीला टेकवून ठेवा, पण भार पुढच्याच पायावर.

छाती आणि खांदा: इथे जोडी, पण कायम नाही

घरात बेंच नसतो, म्हणून जमिनीवर झोपून प्रेस. फ्लोअर प्रेसमध्ये जोडीचं समाधान वेगळंच आहे. दोन्ही बाजूंचा भार सारखा, शरीर कुठेही कलत नाही, सगळा जोर छातीला. कोपरं धडापासून साधारण ४५ अंशांवर, जमिनीला हलकेच टेकवायची, आपटायची नाहीत.

जोडीची खरी अडचण प्रेस मारण्यात नसून डंबेल्स वर घेण्यात आहे. घरी डंबेल्स हातात द्यायला पाठीमागे कुणी नसतं. बसा, दोन्ही डंबेल्स मांड्यांवर उभी ठेवा, छातीशी घट्ट घेऊन एकाच झटक्यात मागे झोपा. उठताना उलटं: डंबेल्स मांड्यांवर टेकवून पाय खाली झोकत बसायचं. झोपल्या झोपल्या हात बाजूला पसरून डंबेल्स सोडून देणं ही खांदा दुखावण्याची हमखास वाट आहे, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी भांडणाचीही.

जोडी छातीपर्यंत आणणंच जड जायला लागलं की एकावर या. एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून झोपता येतं, मग एका हातात घ्यायचं. मोकळा हात बाजूला लांब, तळवा जमिनीवर, पाय खांद्यांपेक्षा रुंद. शरीर डंबेलच्या बाजूला लोळायला बघतं, त्याला हा हात अडवतो. अरुंद बेंचवर मात्र एका हाताची जड प्रेस करू नका. तिथे हात टेकायला जमीन नसते आणि माणूस बेंचसकट कलतो.

उभ्यानं खांद्याची प्रेस सगळ्यात जास्त गोंधळ घालते. एका हातात पाण्याची भरलेली बादली घेऊन चालताना धड दुसऱ्या बाजूला झुकतं. डोक्यावर एक डंबेल धरल्यावर कंबरेला तेच करावं लागतं, तेही हात पूर्ण वर असताना. विरुद्ध बाजूच्या कंबरेचे आणि पोटाचे स्नायू भार ओढून धरतात. ते कमी पडले की माणूस बाजूला वाकतो, आणि कंबरेतली ती कळ तिथून येते.

चाचणी करा. एका हातानं प्रेस मारताना मोकळ्या हातानं दाराची चौकट धरा. रॅप्स एकदम दोन-तीननं वाढले तर खांदा मागे नव्हता, कंबर मागे होती. खांदा वाढवायचा असेल तर चौकट धरूनच मारा किंवा जोडी घ्या. कंबरेची ताकद हवी असेल तर आधार सोडा, पण वजन एक पायरी कमी करा आणि आरशात बघा: पट्ट्याचं बक्कल आणि हनुवटी एका रेषेत राहिली पाहिजे. जोडीनंही कंबर मागे कमान करत असेल तर वजन जास्त आहे किंवा खांदे आखडलेत. मग एक गुडघा टेकून बसा, डंबेल ज्या हातात त्याच बाजूचा गुडघा खाली, आणि एकेका हातानं मारा. या स्थितीत कमान करणं अवघड जातं.

आणखी एक गोष्ट दिसेल. एका हातानं १० किलोंचे ८ रॅप्स जमतात म्हणून जोडीनं १०-१० घेतले की पाच-सहावरच गाडी थांबते. यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही हात एकदम जोर लावतात तेव्हा एकूण जोर बहुतेक वेळा दोन्ही हातांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेपेक्षा थोडा कमी भरतो. जोडीनं सराव केला की हा फरक कमी होतो. एकावरून जोडीवर जाताना एक पायरी खालून सुरू करा, एवढंच.

एक बाजू मागे पडलीय

डंबेल्स तोलून झाली, अदलाबदल करून झाली, तरी डावा मागेच असेल तर मोजून बघा. एकच वजन, आधी एक हात, तीन मिनिटं विश्रांती, मग दुसरा. नीट मारलेले रॅप्सच धरायचे. एक-दोन रॅप्सचा फरक असेल तर सोडून द्या, तो सगळ्यांनाच असतो. तीन किंवा जास्त असेल तर पुढचे सहा ते आठ आठवडे त्या व्यायामात जोडी बंद. एकच डंबेल, कमजोर हात आधी, आणि त्यानं जितके रॅप्स मारले तितकेच बळकट हातानं मारायचे, जास्त जमत असले तरी. कमजोर हाताला आठवड्यातून एखादा सेट जास्त द्या, रोज नको. रोज जादा सेट मारून लोक कोपर दुखवून घेतात आणि मग तोच हात आणखी मागे पडतो.

दोन्ही हातांनी काम करताना बळकट बाजू चोरून मदत करते असं बारबेलमध्ये (दोन्ही हातांनी धरायचा लांब दांडा) होतं. डंबेल्समध्ये तसं होत नाही, तिथे शरीर वळतं. पाठीमागून मोबाईल उभा करून एक सेट रेकॉर्ड करा. एक खांदा कानाकडे चढताना किंवा कंबर एका बाजूला सरकताना दिसली तर उत्तर मिळालं.

एक हात प्लॅस्टरमध्ये असेल तर चांगल्या हाताचा व्यायाम पूर्ण बंद करण्याची गरज नसते. एका बाजूच्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्या बाजूच्या ताकदीलाही मिळतो, हे व्यायामशास्त्रात नीट माहीत आहे. डॉक्टरांना विचारून बसल्या बसल्या एका डंबेलवर चालू ठेवा.

एकेका हातानं वेळ दुप्पट लागतो का?

दिसायला दुप्पट, प्रत्यक्षात नाही. १० रॅप्सचा सेट साधारण ३० सेकंदांचा. जोडीनं ३० सेकंद काम आणि ९० सेकंद विश्रांती, म्हणजे दोन मिनिटं. एकेका हातानं ३० अधिक ३० आणि वर ६० सेकंद विश्रांती, तीही दोन मिनिटंच, कारण एक हात चालू असताना दुसरा विसावलेला असतो. पायांना मात्र हे लागू नाही. एका पायाच्या स्क्वॉटनंतर श्वास दोन्ही पायांसाठी सारखाच लागलेला असतो, तिथे दोन बाजूंच्या मध्येही ४५ सेकंद थांबा.

भरतीची तयारी आणि घाटातलं पळणं

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर किंवा यवतेश्वरच्या घाटात दोन्ही हातांत एक-दोन किलोंची डंबेल्स घेऊन पळणारी मुलं दिसतात. ते बंद करा. त्यानं पायांना नावापुरतं वजन मिळतं, खांदे आणि कोपरं मात्र हजारो वेळा झटके खातात आणि पळण्याची लय बिघडते. चढावर पळायचं तर मोकळ्या हातांनी. डंबेलचं काम घरी, वेगळ्या दिवशी किंवा पळून आल्यावर.

पोलीस भरतीत मुलांचा गोळा ७.२६० किलोंचा आणि मुलींचा ४ किलोंचा असतो. गोळा एका हातानं फेकायचा, म्हणून फक्त एका हाताच्या प्रेसवर जोर देणारे बरेच आहेत. पण गोळ्याचा जोर पायातून उठतो, कंबरेतून वळतो आणि शेवटी हातात येतो. तयारीत गॉब्लेट किंवा स्प्लिट स्क्वॉट, एका हाताची उभ्यानं प्रेस आधार न घेता, आणि एकाच हातात डंबेल लटकावून सरळ चालणं, ही तिन्ही ठेवा. चालताना २० ते ३० पावलं एका बाजूनं, मग हात बदलून तेवढीच, खांदे समपातळीत. न फेकणाऱ्या हातालाही तितकेच सेट द्या. डंबेल गोळ्यासारखं फेकून सराव करू नका. मुठीतून सुटताना प्लेटच्या कडेनं बोटं मोडतात.

प्लेट्स बदलण्याचा क्रम आणि देखभाल

एक जड आणि दोन हलकी असं दोन्ही करायचं म्हटलं की प्लेट्स बदलण्यात जीव जातो, म्हणून लोक जे लावलंय त्यावरच सगळं मारतात. क्रम बदला. दिवसाची सुरुवात एका जड डंबेलनं: स्क्वॉट आणि रोइंग. मग एकदाच प्लेट्स वाटून जोडी करा: फ्लोअर प्रेस, डेडलिफ्ट. शेवटी बाहेरच्या जड प्लेट्स काढून खांदा आणि दंड. त्यासाठी रॉडवर हलकी प्लेट आत, जड बाहेर लावा. एका दिवसाच्या व्यायामात फक्त दोनच वेळा नट उघडावे लागतात.

पीव्हीसीची प्लेट तडकून आतला भराव सांडायला लागला तर चिकटपट्टी लावत बसू नका. ती प्लेट बाद करा आणि तिच्या जोडीचीही पुन्हा तोलून बघा. पावसाळ्यात इथली दमट हवा आट्यांना आधी खाते. जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं आटे झाडून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब नटात फिरवा, मुठीला तेल लागू देऊ नका. नट गंजून अर्ध्यावर अडकत असेल तर पक्कडीनं आवळायचा नाही. आटे मेले की तो रॉड जड एकेरी डंबेलसाठी कायमचा बाद धरा आणि दुसऱ्यावर काम करा.

हातात मुंग्या येत असतील, कंबरेतून कळ पायात उतरत असेल किंवा खांद्याचं दुखणं रात्री झोपू देत नसेल, तर एक की दोन हा विचार बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.